उशिरा पेटणारी शेकोटी

कादरभाई मणेर शेकोटी पेटवायच्या आधी तिचा वास घेतात. शेकोटीचा नव्हे, ती अजून झालेलीच नसते. उसाच्या पाचटाचा, बाभळीच्या सालीचा, वाळक्या शेणाचा. एकेक जिन्नस नाकाला लावायचा, दोन बोटांत चुरायचा, मग कानाजवळ नेऊन मोडायचा. कट्ट आवाज आला तर मांडीजवळ ठेवायचा. नाही आला, की मान हलवायची आणि म्हणायचं, "अजून कच्चं हाय." आणि आम्ही सगळे दुधाच्या किटल्या घेऊन भोवती कुडकुडत बसलेलो. थंडीनं आमची हाडं पिकली, पण भाईंचं पाचट काही पिकलं नाही.

आमचं गाव वालचंदनगरच्या पुढं आणि नरसिंहपूरच्या अलीकडं, नीरेच्या अंगाला आहे. चारी बाजूंनी ऊस, उसाला पाणी, वर कॅनॉल. त्यामुळं आमच्याकडची थंडी वरून पडत नाही, जमिनीतून पायात चढते. बारामतीला एका स्वेटरवर भागतं. आमच्याकडं स्वेटर, वर शाल, वर गोणपाट घेतलं तरी गुडघे रडतात. अशा थंडीत पहाटे उठून धारा काढायच्या आणि दूध डेअरीवर न्यायचं. डेअरीचं दार उघडलेलं असतं, पण दुधाची गाडी येईपर्यंत माप सुरू होत नाही. तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचं. म्हणून डेअरीसमोर शेकोटी. आणि शेकोटी म्हणजे कादरभाई. हे कुणी ठरवलं नव्हतं. त्यांच्या घरात म्हैस नाही, दूध नाही, डेअरीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण पहाटे सगळ्यांच्या आधी तेच तिथं उकिडवे बसलेले.

भाईंचे नियम फार. कागद जाळायचा नाही, कारण कागदावर अक्षर असतं आणि अक्षराला आग लावली की बरकत जाते. रॉकेल, डिझेल यांचं नावही काढायचं नाही. प्लास्टिकची पिशवी कुणी टाकू लागलं की हात धरायचे. एकदा मीच विचारलं, प्लास्टिकनं तुमचं काय घोडं मारलंय. तर म्हणाले, "आक्का, प्लास्टिकनं माझा धंदा खाल्ला. आता त्यालाच मांडीला मांडी लावून शेकायला बसवू व्हय?"

ते खरं होतं. भाई बांगडीवाले. त्यांचा बापही बांगडीवाला. माझ्या लग्नातला हिरवा चुडा त्यांच्या बापानं भरला आणि माझ्या लेकीच्या लग्नातला यांनी. डेअरीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली आणि पुढं ओटा. काचेच्या बांगड्यांचे चुडे दोरीत ओवून भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले असायचे. पुढं बायका बारामतीला जाऊन तयार बांगड्या आणायला लागल्या. प्लास्टिकच्या, धातूच्या, नुसत्या सरकवायच्या. हात दाबायला नको, बांगडी फुटायला नको, भाईही नको. मग पोरी मनगटावर घड्याळ बांधायला लागल्या, तेही सोडून मोबाईल धरायला लागल्या. दुकान आपोआप मिटलं.

पण खुंट्या राहिल्या. आता त्या खुंट्यांना काय टांगलेलं असतं ते बघायला बाहेरगावचे पाहुणे येतात. सुगरण पक्ष्यांची जुनी घरटी. नीरेच्या काठी बाभळींना ती लोंबतात, पिल्लं उडून गेली की रिकामी पडतात, ती भाई गोळा करून आणतात. एका खुंटीला नारळाच्या किशीच्या, म्हणजे शेंडीच्या, जुड्या, दुसरीला बाभळीची साल. पत्र्याच्या डब्यात रुईचा कापूस. हा कापूस उशीत भरण्यासारखा, पण भाई त्याला हात लावू देत नाहीत. आमच्या गल्लीतल्या बाया जाता-येता चेष्टा करतात, भाई, आज कोणत्या रंगाची घरटी आलीत. भाई चेष्टेला ओळखत नाहीत. खुंटीवरचं एक घरटं काढून, दाबून बघून सांगतात, हे औंदाचं हाय, अजून कच्चं हाय, ते तिकडचं बघा. घरटं ते दोन्ही तळव्यांत धरून असं दाबतात, जसा पूर्वी आमचा हात दाबायचे.

लग्नाला गेले तरी तेच. सगळे नवरा-नवरीवर अक्षता टाकायला पुढं सरकलेले आणि भाई मांडवाच्या मागं आचाऱ्याजवळ. फुटलेल्या नारळांची शेंडी गोळा करत. एकदा गावात एक म्हातारा वारला. थंडीचे दिवस, लाकडं ओली, सरण काही धरेना. माणसं रॉकेल आणायला पळाली, तर भाई तिथं हजर. सरणाजवळ वाकून म्हणाले, मांडणी चुकलीय, खालून हवा जायला जागाच ठेवली न्हाय. मेलेल्या माणसाची सून रडायची थांबून भाईंकडं बघायला लागली. शेवटी लोकांनी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं.

त्यांचा मुलगा भोसरीला कंपनीत आहे. बायको गेली तेव्हा मुलानं भाईंना तिकडं नेलं. चौथ्या मजल्यावर घर, गरम पाणी नळाला, सगळं सुख. भाईंनी महिनाभर सुख सोसलं. मग एका सकाळी सोसायटीच्या झाडूच्या काड्या उपसल्या, कुंडीतल्या झाडाची वाळकी पानं घेतली, एक घमेलं मिळवलं आणि गच्चीवर शेकोटी मांडली. धूर बघून सोसायटीचे सेक्रेटरी आणि वॉचमन धावत वर आले. भाईंनी त्यांना ओरडायला वेळच दिला नाही. सरकून जागा केली आणि म्हणाले, "या, बसा. पेटतंय." दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना एसटीत बसवून गावी सोडून गेला. भाई हे स्वतःच सांगतात आणि शेवटी न चुकता म्हणतात, सेक्रेटरी माणूस चांगला होता, पण बसला न्हाय.

हे सगळं मी हसून सांगते आहे, पण रोज सकाळी सोसताना मला हसू येत नसे. कारण भाईंचा सगळ्यात वाईट नियम निराळाच. काडी एकच ओढायची. एका काडीत पेटली तर पेटली. नाही पेटली, तर दुसरी काडी ओढायची नाही. मांडणी चुकली म्हणायचं, सगळं उपसायचं आणि पहिल्यापासून मांडायचं. आधी कापूस, त्यावर घरट्याचं गवत, त्यावर पाचट, मग तुराट्या, म्हणजे तुरीची वाळकी खोडं, मग बाभळीचं लाकूड. तुराट्या एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, मध्ये बोट जाईल एवढी फट ठेवायची. रोज पहिली काडी वाया जायची. बहुतेक दुसरीही. धूर मात्र पहिल्या काडीपासून भरपूर. डोळे लाल, नाक वाहतंय, किटलीतलं दूध निवून गेलेलं.

कुणी पुटपुटलं की भाई वर बघायचे आणि विचारायचे, घाई हाय का कुठं. आता पहाटे डेअरीवर बसलेल्या माणसाला कसली घाई असणार. मग माणसं तिथंच बसायची आणि बोलायची. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या उसाला तोड आली, कुणाची सून माहेरी गेली ती आली का. आमच्या पलीकडचे रामूआबा ऐंशीच्या पुढचे, ते धुरातच डुलक्या काढायचे. मध्येच जागे होऊन विचारायचे, पेटली का. भाई म्हणायचे, "झोपा आबा, अजून कच्चं हाय." शेकोटी खरोखर भडकायची तेव्हा दुधाची गाडी वळणावर दिसू लागलेली असायची. मापाला रांग लागायची. मागं उरलेल्या जाळावर भाई एकटे हात शेकत बसायचे.

असं बरीच वर्षं चाललं. मग संपतचं टाळकं फिरलं.

संपत म्हणजे माझ्या चुलत दिराचा मुलगा. ट्रॅक्टर आहे, चार संकरित गाई आहेत, जिभेला हाड नाही. माणूस वाईट नाही. त्या सकाळी भाईंची तिसरी काडी वाया गेली, तसा संपत उठला, ट्रॅक्टरजवळ गेला आणि बाटलीत डिझेल आणि फाटक्या टायरचा तुकडा घेऊन आला. भाईंच्या मांडणीपासून दोन हातांवर टायर ठेवला, डिझेल ओतलं, काडी लावली. भक्कन जाळ झाला. सगळे उठून तिकडं गेले. मीही गेले. माझे गुडघे काही भाईंचे नव्हते.

संपत म्हणाला, "बघा भाई. ह्याला म्हनत्यात शेकोटी. तुमची पेटंपर्यंत उन्हाळा लागंल."

लोक हसले. भाईंनी आपला कापूस डब्यात घातला, तुराट्यांची जुडी बांधली, रस्ता ओलांडला आणि आपल्या दुकानाच्या ओट्यासमोर नवी मांडणी सुरू केली.

तेव्हापासून डेअरीसमोर दोन शेकोट्या. अलीकडं संपतची, पलीकडं भाईंची. अलीकडं गर्दी, पलीकडं एकटा धूर. टायरला घाण वास यायचा, तोंडात काळं यायचं, पण ऊब लगेच मिळायची. एवढी लगेच, की कुणी बसेनासं झालं. वासानं बसवतही नव्हतं. उभ्या उभ्या हात भाजल्यासारखे शेकायचे आणि किटली डेअरीवाल्याच्या दारात ठेवून घरी पळायचं, गाडी आली की तो माप घालून ठेवायचा. रामूआबा दोन-तीन दिवस आले, उभं राहवेना म्हणून यायचे बंद झाले. कुणाची म्हैस आटली हे मला आठवडाभर कळलं नाही. मला काय करायचंय म्हणा. पण कळलं नाही एवढं खरं.

मीही दूध ठेवून घरी लवकर यायला लागले. घरी येऊन काय, तर गॅसवर चहा. मुलगा कामाला गेलेला, सून पोरांच्या डब्यात. माझ्याशी बोलायला कुणी मोकळं नसतं, मीही बोलावं असं काही उरलेलं नाही. चहा घेऊन भिंतीला टेकून बसायचं. दिवस फार लांबतो मग.

अशाच एका सकाळी दाट धुकं पडलं. झोप लागत नव्हती म्हणून मी धार काढून लवकरच निघाले. आमच्या घरून यायला उसाच्या कडेची पायवाट आहे आणि वाटेत पाण्याच्या चारीवर एक लाकडी फळी टाकलेली आहे. फळीवर दव. पाय सटकला आणि मी कमरेइतक्या पाण्यात. किटली मात्र हातात वर धरलेली. एक थेंब सांडला नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, म्हातारीला दूध सांडायची भीती बुडायच्या भीतीपेक्षा मोठी असते.

चारीतून कशीबशी वर आले. घर मागं लांब राहिलं होतं, डेअरी जवळ. दातांवर दात आपटत डेअरीशी पोचले तर अलीकडं कुणीच नाही. संपत अजून यायचा होता. पलीकडं ओट्याजवळ भाई उकिडवे बसलेले, समोर मांडलेल्या तुराट्या. मला बघून ते उभे राहिले. आपल्या अंगावरचं घोंगडं काढून ओट्यावर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी ओलं लुगडं पिळलं आणि घोंगडं गुंडाळून बसले.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. भाईंनी ती मांडलेली शेकोटी पायानं बाजूला सारली. स्वेटरच्या आतून, पोटाशी ठेवलेलं एक घरटं काढलं. कोरडंठाक. ते मधोमध फाडलं, आत चिमूटभर कापूस कोंबला, वर किशी ठेवली. वास नाही घेतला. कानाला नाही लावलं. काडी ओढली आणि हाताच्या ओंजळीत घरटं पेटलं. ते खाली ठेवून वर पाचट टाकलं, तुराट्या टाकल्या, आणि माझी हुडहुडी थांबायच्या आत माझ्यासमोर गुडघ्याइतका जाळ उभा. धूर नावाला नाही.

मी जाळाकडं बघितलं, मग त्यांनी पायानं सारलेल्या मांडणीकडं बघितलं. हात घालून तळाचं पाचट उचललं. ओलं होतं. दवानं नव्हे. वरचं कोरडं आणि तळाचं तेवढं ओलं. कुणीतरी मुद्दाम पाणी शिंपडल्यासारखं.

मला राग आला. थंडीत मला राग लवकर येतो. मी म्हणाले, "भाई, एवढं झटक्यात पेटवता येतं तुमाला. मग इतकी वर्सं आमाला धुरात कशापायी बसवलं?"

भाई जाळात एकेक तुराटी सारत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "बांगडी झटक्यात चढली, की बाई झटक्यात उठून जाती, आक्का."

मला तो ओटा आठवला. संक्रांतीच्या आधी आम्ही बाया तिथं अशा दाटीनं बसायचो की उठताना पदर दुसरीच्या खाली अडकायचा. भाई एकेकीचा हात तळव्यात घेऊन दाबून दाबून मऊ करायचे. एक बांगडी चढायला केवढा वेळ. तेवढ्यात सासूची गाऱ्हाणी, माहेरच्या गोष्टी, सगळं व्हायचं. सासू विचारायची, उशीर का झाला, तर आम्ही सांगायचो, हात कडक, बांगडी चढत नव्हती. भरून झाल्या की आम्ही भाईंना वाकून नमस्कार करायचो आणि ते एक बांगडी वरची, आशीर्वादाची घालायचे. माझे मालक गेले तेव्हापासून माझे हात मोकळे आहेत. कामाला बरे पडतात. पण हात कडक नव्हते, हे मला त्या सकाळी कळलं. आमचे कुणाचेच हात तेवढे कडक नव्हते.

लुगडं वाळत आलं तोवर संपत आणि बाकीचे आले. डेअरीसमोर टायर पेटला. भाईंनी पायानं सारलेल्या तुराट्या गोळा केल्या. मी त्यांचं घोंगडं त्यांना दिलं आणि दूध घालून घरी गेले. जाताना आभारबिभार मानले नाहीत. आमच्यात ती पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी मी किटली घेऊन आले, तर अलीकडच्या जाळाजवळ थांबले नाही. रस्ता ओलांडला, ओट्यासमोर गोणपाट टाकलं आणि बसले. येता-येता रामूआबांच्या दाराशी हाक मारून आले होते, म्हटलं, चला, बसायला जागा हाय. तेही काठी टेकत आले. आबा आले म्हणून त्यांचं दूध आणणारी त्यांची सून तिथंच टेकली. ती टेकली म्हणून तिच्याशी बोलणं अर्धं राहिलेली आणखी एक जण आली. भाई कुणाकडं बघत नव्हते. ते पाचट निवडत होते. पण त्यांचा हात नेहमीपेक्षा हळू चाललेला मला दिसला.

पहिली काडी वाया गेली. धूर झाला. आबांना खोकला आला. डेअरीसमोरून संपतनं ते बघितलं आणि डिझेलची बाटली घेऊन रस्ता ओलांडून आला. म्हणाला, "आक्का, उगं कशाला धूर खाताय? थोडं वतू का?"

भाईंचा हात थांबला. ते बाटलीकडं बघत होते.

मी येताना कडेच्या उसातून पाचटाची एक पेंढी उचलून आणली होती. रात्रभर दव खाल्लेली, हाताला गार लागणारी. ती मी मांडीखालून काढली आणि भाईंच्या पुढं सरकवली. त्यांनी ती उचलली. नाकाला लावली. दोन बोटांत चुरली. कानाजवळ नेऊन मोडली. कसलाही आवाज आला नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे, संपत," मी म्हणाले. "अजून कच्चं हाय."

संपत बाटली घेऊन तसाच उभा राहिला. त्याला खाली बसायला सांगून मी जरा सरकले. भाईंनी सगळ्या तुराट्या उपसल्या आणि पहिल्यापासून मांडायला घेतल्या.